सांबार

गोकुळपेठेत सापडला, भाजीच्या हातगाडीखाली,
कोथिंबिरीच्या ओल्या पोत्यावर मुटकुळं करून,
म्हणून नाव सांबार.
शेजारच्यांचा मुंबईचा जावई हसला: इडलीसोबतचं?
नाही हो, आमच्याकडचं. पोह्यांवर भुरभुरतात ते.

पहिल्या आठवड्यात डावी चप्पल गेली. फक्त डावी.
उजवी मी ठेवून दिली, उगाच.
मग टीव्हीचा रिमोट, आवाजाच्या बटणापर्यंत.
मग विजेचं बिल, भरायच्या आधीच.
मग कुलरच्या ताटीचा खालचा कोपरा,
ऐन मे महिन्यात, पारा शेहेचाळीसवर,
कुलर नुसती झळ फेकून राहिला
आणि हा मधोमध बसलेला,
मिशांना वाळा, शेपटीला वाळा,
अत्तरवाल्याचा लाडका पोरगा जसा.

उपाय सगळ्यांकडेच होते.
खालचे ढोबळेकाका म्हणाले, कडुनिंबाचा रस लावा.
लावला. आठ दिवस माझीच बोटं कडू,
माझीच पोळी कडू.
दूधवाला घनश्याम म्हणाला,
"मिरची लावा नं बाई, भिवापुरी. पाहा कसा पळते."
लावली.
त्यानं चाटली. शिंकला.
थांबला, जरा विचार केला,
आणि पुन्हा चाटली.
नागपूरचं पोट्टं ते,
मागच्या गल्लीतल्या सावजीच्या फोडणीवर वाढलेलं,
तिखटाला काय भिते बापा.

शेवटी धंतोलीतल्या डॉक्टरीणबाई.
त्यांनी त्याचा जबडा उघडून मलाच दाखवला:
लाल हिरड्या, हलणारे दुधाचे दात.
"तुमचं तोंड आलं की तुम्ही मिरची लावता का?"
मी खाली पाहिलं.
जुना टॉवेल भिजवा, पीळ घाला, बर्फाच्या कप्प्यात ठेवा.
ओरडू नका. हिसकू तर नकाच,
हिसकलं की त्याला खेळ वाटतो.
हातात दुसरं काही असू द्या,
मग पहिलं आपोआप सुटतं.
आणि चपला उचलून ठेवायला शिका. तुम्ही.

दातांचं म्हणाल तर माझंही तेच.
झोपेत दात खाते मी, सात वर्षं झाली,
दाढा जात्याच्या पाळीसारख्या झिजल्या.
रामदासपेठेतल्या डेंटिस्टनं प्लास्टिकचा साचा दिला,
साडेचार हजारांचा, रात्री घालायला.
"कोणावर दात बीत आहे का?" त्यानं गमतीत विचारलं.
मी पैसे मोजले.
साचा सांबारनं एका दुपारी संपवला.

दिवाण बाबांचा. आलापल्लीचं सागवान.
हेमलताताईला हवा होता, मलाही हवा होता.
मिळाला मला.
तिच्या मुलीच्या लग्नाला मी गेले नाही.
वर्धा काही लांब नाही,
सकाळी निघालं तर जेवायला परत.

शनिवारी बँकेतून आले,
तर दिवाणाचा मागचा पाय, भिंतीकडचा,
कणसासारखा सोललेला.
पायातली चप्पल हातात आली,
हात वर गेला,
आणि वरच राहिला थोडा वेळ.
मग फ्रिज उघडला. टॉवेल आणला,
लाकडासारखा कडक, वाफा टाकणारा.
"सोड," म्हटलं. हळू.
त्यानं सोडलं.
इतकंच होतं ते.
मी तिथंच फरशीवर बसले,
घरात फक्त बर्फ चावल्याचा आवाज.

पायाचा फोटो काढला,
फोनमध्ये पार तळाशी गेलेलं नाव शोधलं,
पाठवला. खाली काही लिहिलं नाही.
दिवेलागणीला उत्तर आलं:
"दात येत असतील."
मग बऱ्याच वेळानं दुसरं:
"समोरचाही खाऊ दे, म्हणजे डुगडुगणार नाही."

त्या रात्री साच्याशिवाय झोपले.
दात खाल्ले की नाही, सांबारला ठाऊक,
पण त्याचं तोंड भरलेलं होतं.
सकाळी बघते तर
माळ्यावरून कशी काढली देव जाणे,
ती उजवी चप्पल.